गेलेल्या वर्गमैत्रिणीच्या लेकीसाठी वही करतेय. लोकांकडून खऱ्या आठवणी काढायच्या कशा?

वखारीमागची

नमस्कार. मी मूळची निपाणीची, लग्नानंतर कोल्हापुरात. आमची १९९७ ची एस.एस.एल.सी. (कर्नाटकातली दहावी) बॅच. वर्गातली एक मैत्रीण २०२४ च्या दिवाळीआधी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. घरच्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही. वर्गात सगळे तिला मास्तरीण म्हणायचे, इथंही तेच म्हणते. तिची मुलगी बारा वर्षांची आहे. बॅचच्या ग्रुपवर ठरलं की मुलीला द्यायला तिच्या आईच्या आठवणींची एक वही करायची, आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

अडचण अशी की मजकूर भरपूर आलाय आणि सगळा एकाच साच्याचा आहे. हसतमुख. मनमिळाऊ. सर्वांच्या मदतीला धावून जाणारी. चौकात डिजिटल लागतं ना, हात जोडलेला फोटो आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली, तसं. एकानं तर आपल्या चुलत्यांच्या बाराव्याचा मजकूर नाव बदलून पाठवलाय, 'त्यांच्या जाण्याने शेतकरी पोरका झाला' हे वाक्य काढायचं राहून गेलंय.

मास्तरीण हसतमुख नव्हती हो. फोटोत तर कधीच हसली नाही, तिचा एक दात आडवा होता. मनमिळाऊ तर अजिबात नव्हती. कोण कसं बसलंय, कुणाची वही कोरी आहे, डब्यात कुणी काय आणलंय, सगळ्यावर हिची नजर आणि सगळ्यावर हिचं मत.

तिची आई विड्या वळायची. आमच्या गल्लीत तेव्हा बहुतेक घरांत तेच होतं, दारात सूप मांडीवर घेऊन बायका बसलेल्या. शाळेतून आलं की हिनं दप्तर टाकायचं आणि आईनं वळलेल्या विड्यांचे कट्टे बांधायला बसायचं, पंचवीस-पंचवीसचे. मजुरी हजारावर मिळायची, आणि कारखान्यात खराब म्हणून छाट काढली की तेवढ्या वजा. त्यामुळं हिचं मोजणं कधी चुकायचं नाही, आणि दुसऱ्यानं मोजलेल्यावर हिचा विश्वास बसायचा नाही. मॉनिटर नसतानाही वर्गातले खडू मोजून ठेवायची.

नववीची सहल गोकाकला गेली. ५२ मीटरचा धबधबा, पावसाळा नुकता सरलेला, पाणी लालभडक. सहलीचे पैसे हिच्याकडं. परतताना सरांनी शिल्लक पैशांतनं सगळ्यांना चहा पाजायचं काढलं. ही म्हणाली, "सर, ते पैसे पोरांचे हाईत. चहा तुमच्या खिशातनं पाजा." सरांनी पाजला! दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातावर पन्नास पैसे परत. त्याच सहलीत झुलत्या पुलावर मात्र तिनं माझी वेणी जी धरली ती पलीकडं पोचेपर्यंत सोडली नाही. आणि पुढं आयुष्यभर सगळ्यांना सांगत राहिली की मीच भ्याले होते.

एस.एस.एल.सी.ला गणितात वर्गात पहिली, कन्नडमध्ये काठावर पास. (कोल्हापूरच्या माझ्या आत्याला आमचे मार्क कधी कळायचेच नाहीत. ६२५ पैकी ही काय भानगड म्हणायची. कर्नाटकात पहिल्या भाषेचा पेपर १२५ चा असतो हे तिला दरवर्षी समजावून सांगावं लागायचं.) अकरावीला दोघी देवचंद कॉलेजला. म्हणायला निपाणीच, पण कॉलेज अर्जुननगरला, ते कागल तालुक्यात, म्हणजे रोज चालत महाराष्ट्रात जायचं आणि दुपारी कर्नाटकात जेवायला घरी. बी.कॉम. झाल्यावर ती एका सौहार्द सोसायटीत (कर्नाटकातली सहकारी पतसंस्था) लागली आणि शेवटपर्यंत तिथंच कॅशियर राहिली. काउंटरवर बसून बसून कन्नड अशी सुधारली की गावाकडचे लिंगायत आजोबा तिच्याशी बोलायला म्हणून रांगेत थांबायचे. हे मात्र खरं हं, मी कौतुक म्हणून सांगत नाही. बाकीच्या रांगा मोकळ्या असताना तिची रांग लांब, म्हणून मॅनेजर वैतागायचे.

आता आजाराचं. २०२१ च्या सुरुवातीला पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की भरल्यासारखं व्हायचं. आधी पित्ताच्या गोळ्या झाल्या. परकराची नाडी पुरेना तेव्हा घरातल्या बायका म्हणाल्या, चाळिशी आली, पोट सुटणारच. मग सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. सीए-१२५ ही रक्ततपासणी, बायोप्सी, आणि कळलं तेव्हा आजार तिसऱ्या टप्प्यात. आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग आणखी तीन केमो.

उपचार कोल्हापुरात, कारण निपाणीहून ते चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव जवळजवळ दुप्पट. पण ते कोरोनाचे दिवस. महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरायचं तर आरटीपीसीआर दाखवा. केमो घेऊन परत जाताना कोगनोळी नाक्यावर गाडी थांबायची आणि एस.एस.एल.सी.ला कन्नडमध्ये जेमतेम पास झालेली ही बाई, डोक्याला स्कार्फ, पोलिसाला एकेक कागद काढून फाइल समजावून सांगायची. तो बिचारा ऐकून घ्यायचा आणि सोडायचा. गाडी सुटली की मला म्हणायची, "बघितलंस? एक प्रत्यय चुकला न्हाई."

रेशनकार्ड कर्नाटकाचं आणि दवाखाना महाराष्ट्रातला, त्यामुळं कुठलीच योजना बसली नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय झाला तो २०२३ मध्ये. तोवर आम्ही बॅचनं वर्गणी काढली. तिनं त्या वर्गणीची खतावणी ठेवली! कुणाचे किती, कोणत्या तारखेला आले, कशावर गेले. 'बस', 'सलाइन', 'उसाचा रस २, एक मला नको होता' असलं सगळं. तिच्या नवऱ्यानं ती वही मला दिलीये.

केमोतल्या पॅक्लिटॅक्सेल नावाच्या औषधानं तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, काहींना होतं, काहींचं बऱ्याच दिवसांनी जातं. तिचं गेलं नाही. कामावर परत गेली तेव्हा नोटा बोटांना लागेनात. सोसायटीत मोजणीचं मशीन होतं, पण त्याला ती कायम 'ते खोटारडं' म्हणायची. केस गेले तेव्हा ती रडली नव्हती. पुढं २०२३ मध्ये आजार उलटला तेव्हाही माझ्यासमोर तरी नाही. नोटा मोजता येईनात म्हणून मात्र रडली, आणि तेव्हा मला काही बोलता आलं नाही.

आणखी एक, हा राग आहे म्हणून लिहिते. निपाणीची बाई कॅन्सरनं गेली म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, तंबाखू खायची का? आई विड्या वळायची ना, मग त्यानंच. मयताला आलेल्या माणसांनीसुद्धा हेच विचारलं. पोरीच्या कानावर ते पडलंय.

तर मला विचारायचंय ते हे. लोकांकडून असल्या गोष्टी, म्हणजे पन्नास पैशांसारख्या, काढून घ्यायच्या कशा? त्यांच्याकडं असणारच, पण लिहायला बसलं की सगळे 'सदैव स्मरणात' होतात. वहीत आजारपण घालावं का? आणि भाषा: पोरगी इंग्रजी माध्यमात आहे. घरी मराठी बोलते, हिंदीमुळं देवनागरी वाचता येतं, पण सावकाश. आई बोलायची तसं, 'मी येतो, मी करतो' असं लिहावं, की पुस्तकातल्यासारखं नीट?

---

तवंदीघाट

ताई, ग्रुपवर मागू नका. ग्रुपवर माणूस चारचौघात बोलल्यागत लिहितो. एकेकाला फोन लावा, जेवणं झाल्यावर, साडेनवाच्या पुढं. आणि 'आठवण सांग' म्हणायचं नाही. विचारायचं, "तिचं तुझं भांडण कशावरनं झालं होतं?" बघा कसा बोलतो.

आमचा एक दोस्त गेला (हार्ट, कॅन्सर नव्हे), त्याच्या पोरासाठी मी हेच केलं. दोघातिघांना विचारलं की त्याची सायकल कुठली होती? बस्स. सायकलीवरनं सुरू झाले ते संकेश्वरच्या मिरचीबाजारात त्यानं पोत्यावर झोप कशी काढली आणि उठल्यावर दिवसभर डोळं कसं चोळत होता इथवर गेले. वस्तू विचारायची. डबा, चप्पल, छत्री, बाकावर काय कोरलं होतं ते.

फोन रेकॉर्ड करा, पण आधी सांगून. नंतर तुम्हीच उतरवून काढा. त्यांना लिहायला लावलं की पुन्हा 'सदैव स्मरणात'.

आणि त्या चुलत्याच्या बाराव्यावाल्याला पहिला फोन करा. असली माणसं बोलायला लई भारी असतात.

---

हुक्केरीची माहेरवाशीण

मी इथं फक्त वाचते, कधी लिहीत नाही. हे वाचून राहवलं नाही.

माझी आई मी सहावीत असताना गेली. तिचा स्तनाचा होता. त्यानंतर मला जे भेटायचं ते एकच सांगायचं, तुझी आई देवमाणूस होती. मला देवमाणसाचं काय करायचं होतं? मला हे हवं होतं की ती कशाला हसायची, भाजी घेताना किती घासाघीस करायची, तिला माझ्यासारखा गणिताचा कंटाळा होता का. कुणी सांगितलं नाही. माझ्या लग्नात तिची एक जुनी मैत्रीण आली, तिनं मांडवात बसून सांगितलं की तुझी आई एकदा शाळा बुडवून तंबूतला सिनेमा बघायला गेली होती आणि आजोबांनी तिला तिथनं कानाला धरून आणली. मी नवरी, अंगावर शालू, आणि मी त्या बाईंना सोडेना. पुरोहित हाका मारतोय. अजून सांगा म्हणतेय मी.

म्हणून तुम्ही जे लिहिलंय ना, आडवा दात, वेणी, पन्नास पैसे, ते सगळं असंच ठेवा. गोड करू नका.

आजारपण घालायचं का विचारलंत. घाला. मला घरात कुणी काही सांगितलं नव्हतं, आई बेळगावला 'तपासायला' जायची एवढंच. त्यामुळं मी माझ्या मनानं कारण शोधलं. आई दवाखान्यात गेली त्या सकाळी मी डब्यावरून तिला उलट बोलले होते, आणि कितीतरी वर्षं मला वाटायचं की त्यानंच ती आजारी पडली. लहान पोरं असलंच काहीतरी धरून बसतात आणि बोलत नाहीत. तुमच्या मैत्रिणीच्या लेकीच्या कानावर तंबाखूचं पडलंय, म्हणजे तिनंही काहीतरी धरलं असणार. आजीनं विड्या वळल्या म्हणून आई गेली, असं जर त्या पोरीच्या डोक्यात बसलं तर आजीचं काय होईल, विचार करा. ते आधी निस्तरा, वही नंतर होईल.

अजून एक व्यवहाराचं सांगते, वाईट वाटून घेऊ नका. प्रती दोन करा. एक पोरीकडं आणि एक तिच्या आजोळी. माझ्या वडिलांनी दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं. नवी आई चांगलीच होती, पण पहिलीचे फोटो माळ्यावर गेले आणि माळ्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कुणाचा दोष नाही. फक्त दोन घरी असू दे.

---

स्लाइडवाला_बेळगाव

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. तरी कामाचं आहे म्हणून लिहितो.

तंबाखूचं आधी. तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कॅन्सर आणि तंबाखू हे नातं पक्कं आहे, त्यात दुमत नाही. अंडाशयाच्या कॅन्सरचा जो नेहमी आढळणारा प्रकार आहे, ज्याला रिपोर्टमध्ये 'हाय ग्रेड सिरस' लिहितात, त्याचा तंबाखूशी तसा संबंध जोडत नाहीत. घरात विड्या वळल्या म्हणून हा झाला असं म्हणायला आधार नाही. विडी कामगार बायकांना धुळीनं दमा-खोकल्याचे त्रास होतात ते वेगळं, त्यावर जरूर बोलावं, पण ते या गोष्टीत घुसडू नये.

आता महत्त्वाचं. वहीत नाही तर वहीसोबत एका पाकिटात तिच्या बायोप्सीच्या आणि ऑपरेशननंतरच्या रिपोर्टची प्रत ठेवा आणि निदान झालं तेव्हाचं वय लिहा. कारण सांगतो. या कॅन्सरच्या काही बायकांमध्ये बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकात जन्मजात दोष असतो. तो असेल तर मुलांमध्ये, मुलगा असो की मुलगी, उतरायची शक्यता निम्मी असते, आणि मुलीला पुढं स्तनाच्या व अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आईची ही तपासणी झाली होती का, ते नवऱ्याला विचारा. झाली असेल आणि दोष नसेल तर तोही कागद तितकाच मोलाचा. झाली नसेल तर ज्या लॅबनं बायोप्सी केली तिथं मेणाचा ब्लॉक (काढलेला तुकडा मेणात जपलेला) असतो, तो विचारा. लॅब ते ठरावीक वर्षंच ठेवतात, म्हणून उशीर नको.

मुलीला आत्ता यातलं काही करायचं नाही. असली तपासणी साधारण अठरानंतर, तिची स्वतःची इच्छा असेल तर, आणि जनुकीय समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून. तिच्या मावश्या असतील तर त्यांनी मात्र आत्ताच आपल्या डॉक्टरांना हे सांगावं. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी सगळ्या बायकांनी दरवर्षी करावी अशी खात्रीची चाळणी-तपासणी अजून नाही. सीए-१२५ इतर कारणांनीही वाढतं. म्हणून घरातला इतिहास माहीत असणं एवढंच हातात राहतं.

आणि इथं वाचणाऱ्या बायकांसाठी: पोट फुगणं, थोडं खाल्लं की भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं, हे नव्यानं सुरू झालं आणि दोन-तीन आठवडे रोजच्या रोज होत राहिलं तर पित्ताच्या गोळीवर थांबू नका, सोनोग्राफीचं विचारा. बहुतेकींचं काही निघत नाही. विचारायला मात्र लाजू नका.

---

खानापूरकर_जुना

सगळं ठीक आहे, पण मी वेगळं बोलणार. वही एका पोरीला मिळणार. शाळेचं काय? आपल्या भागातल्या मराठी शाळांची पटसंख्या बघा. आमच्याकडं जंगलातल्या वस्त्यांवर तर पोरांपेक्षा खोल्या जास्त झाल्यात. बॅचनं पैसे काढलेच असतील तर त्या शाळेत गणिताचं बक्षीस ठेवा तिच्या नावानं.

ढाल मात्र देऊ नका. आमच्या बॅचनं एका मित्राच्या नावानं दोन फुटी ढाल दिली. ती मुख्याध्यापकांच्या कपाटावर आहे आणि तिच्यावर नकाशे गुंडाळून ठेवलेत. रोख द्या, कंपासपेटी द्या.

भाषेचं म्हणाल तर 'मी येतो' असंच लिहा. आमच्याकडच्या बायका तसंच बोलतात आणि पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत. पोरीनं आईला बोलताना ऐकलंय, तिला पुस्तकी लिहिलेलं परकं वाटेल. सावकाश वाचेना का. घाई कुठं आहे तिला?

---

वखारीमागची

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय कारण फोन करत बसले होते.

तवंदीघाट, तुमचं खरं ठरलं. चुलत्याच्या बाराव्यावाल्याला पहिला फोन केला, "तुमचं भांडण कशावरून?" म्हटलं, आणि तो तासभर थांबला नाही. गणिताच्या पेपरला तिनं त्याला उत्तर दाखवलं नाही, वर पेपर सुटल्यावर विचारलं, "किती गणितं सुटली?" म्हणून त्यानं दहावीनंतर तिच्याशी बोलणं टाकलं. पुढं हाच सौहार्दमध्ये ट्रॅक्टरच्या कर्जाला गेला. सही जुळत नाही म्हणून तिनं फॉर्म परत दिला. पुन्हा केला, पुन्हा परत. शेवटी काउंटरवर सगळ्यांसमोर म्हणाली, "बाळू, तू सही करताना जीभ बाहेर काढतोस, शाळेत पण काढायचास. जीभ आत घे, सही जुळतीया." जुळली म्हणे. आजही सही करताना जीभ आत घेतो असं तो म्हणाला आणि मग बराच वेळ फोनवर काही बोलला नाही. (बाळू हे खरं नाव नाही.)

दुसरीनं सांगितलं की मास्तरीण दर चतुर्थीला उपास सांगायची आणि स्टँडमागच्या गाड्यावर मिरचीभजी खायची. पकडलं तर म्हणायची, "मिरची फळ हाय." कॉलेजच्या वाटेवर नियमानं! माझ्यासोबत असताना तिनं हे कधी केलं नाही, म्हणजे माझ्यापासूनही लपवत होती. इतक्या वर्षांनी मला जरा रागच आला.

तिसऱ्याकडून काही मिळालं नाही. तो म्हणाला, मला ती आवडायची नाही. मी म्हटलं, का ते सांग. म्हणाला, सारखी बरोबर असायची. तेवढंच एक वाक्य वहीत घेतलंय, त्याला विचारून.

हुक्केरीच्या ताई, तुमचं वाचून मी दोन दिवस गप्प होते. मग निपाणीला गेले. आजी, म्हणजे मास्तरणीची आई, सूप कधीच सोडलंय, डोळ्यांना दिसत नाही. पोरगी आजीच्या शेजारी बसत नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी स्लाइडवाल्यांचं उत्तर पोरीला मोबाइलवर दाखवलं नाही, ते बरं दिसलं नसतं. सांगितलं आपल्या शब्दांत. आजीसमोरच सांगितलं, कारण ऐकायची गरज दोघींना होती. पोरीनं एकच विचारलं, "मग कशानं झाला?" मी म्हटलं, डॉक्टरांनाही प्रत्येक वेळी कळत नाही. तिला ते पटलं की नाही माहीत नाही. आजीनं मात्र बोलणं लांबवलं नाही, म्हणाली चहा टाक. पोरीनं टाकला.

मग पोरीनंच वहीत घालायला एक सांगितलं, माझ्याकडं नव्हतं ते. बोटं बधिर झाल्यावर आई रात्री पत्त्यांचा कॅट घेऊन मोजायला बसायची, सराव म्हणून. पोरीला समोर बसवायची, दोघींनी अर्धा-अर्धा कॅट मोजायचा, आधी कोण. पोरगी जिंकायची. "आई खोटं खोटं नाही, खरंच चिडायची," ती म्हणाली. "एकदा माझ्या वाटणीत मुद्दाम एक पत्ता जास्त घातला. मला कळलं. मी मुद्दाम हरले, तर अजून चिडली." मी हे तिच्याच शब्दांत उतरवलंय, इंग्रजी शब्दांसकट.

स्लाइडवाले, तपासणी झालेली नव्हती. तिच्या नवऱ्याला कल्पनाच नव्हती. लॅबला फोन केला, ब्लॉक अजून आहे म्हणाले, अर्ज लागेल. तो त्यांनी दिलाय. मास्तरणीच्या धाकट्या बहिणीला मीच सांगितलं, ती आधी चिडली, मग सोनोग्राफीला गेली.

खानापूरकर, बक्षिसाचं ग्रुपवर मांडलं. खतावणीप्रमाणे वर्गणीतले काही पैसे शिल्लक आहेत, तिनं शेवटच्या पानावर 'परत देणे' म्हणून प्रत्येकाच्या नावापुढं रक्कम लिहून ठेवलीये, पन्नास पैशांच्या हिशेबासकट. ते परत कुणी घेणार नाही, त्यातून कंपासपेट्या होतील. ढाल नाही. एकजण ढालीवर अडून बसलाय, पण बघू.

खतावणी मूळ वहीतच शिवून घालावी म्हणते. स्पायरल करू की शिवणीची बांधणी? आणि पहिल्या पानावर काय घ्यावं, फोटो की काय? फोटोत ती कुठंच धड दिसत नाही, सगळीकडं तोंड मिटून.

---

तवंदीघाट

शिवणीचीच करा, स्पायरलची पानं वर्षात गळतात. मागं कोरी पानं भरपूर सोडा, अजून फोन व्हायचेत तुमचे.

पहिल्या पानावर मिरचीभजी घ्या.